स्टॅक्सच्या तबकड्या: कसल्या कोणी, सातबारा कोणाचा?

तबकडीवाला (धागाकर्ता)

सोल संगीतावर (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे, साठच्या दशकात गाजलेले गायनप्रधान संगीत) चर्चा निघाली की ती गायकांच्या आवाजाभोवती फिरते आणि तिथेच संपते. या धाग्यात दोन कोरड्या गोष्टी बोलूया. तो आवाज खोलीत निघत कसा होता, आणि त्याचा पैसा कागदावरून कुठे जात होता. उदाहरणाला अमेरिकेतल्या मेम्फिसची स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी घेतो, कारण तिथे दोन्हींचा माग लागतो.

थोडक्यात पार्श्वभूमी. बँकेत नोकरी करणारा आणि हौसेने फिडल वाजवणारा जिम स्ट्यूअर्ट याने १९५७ मध्ये सॅटेलाइट नावाने कंपनी काढली. थोरली बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन हिने घर गहाण टाकून अँपेक्स ३५० हे एका ट्रॅकचे टेपयंत्र घेऊन दिले. १९६० मध्ये बिऱ्हाड मेम्फिसच्या ईस्ट मॅकलेमोर अ‍ॅव्हेन्यूवर, ९२६ क्रमांकाच्या बंद पडलेल्या कॅपिटॉल थिएटरात हलले. कॅलिफोर्नियात सॅटेलाइट नावाची कंपनी आधीच होती, म्हणून १९६१ मध्ये स्ट्यूअर्टचे 'स्ट' आणि अ‍ॅक्स्टनचे 'अ‍ॅक्स' जोडून स्टॅक्स झाले. खुर्च्या काढल्या, पडद्याच्या जागी मंचावर कंट्रोल रूम केली, आणि पूर्वी जिथे मध्यंतरात खाऊ विकत तिथे एस्टेलने रेकॉर्डचे दुकान थाटले. त्या दुकानाला कमी लेखू नका. गिऱ्हाईक काय मागते, कोणत्या कडव्याला मान डोलावते, हे आत वाजवणाऱ्यांना भिंतीपलीकडून कळत होते.

आता कागद. १९६० मध्ये रुफस थॉमस आणि त्याची मुलगी कार्ला यांची तबकडी आसपास खपू लागली, ते न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलरच्या कानावर गेले. अटलांटिकने वितरण घेतले. पाच वर्षे सगळा व्यवहार तोंडी, हस्तांदोलनावर. मे १९६५ मध्ये लेखी करार झाला, आणि तोही स्ट्यूअर्टच्याच आग्रहावरून. त्याचा भरवसा कंपनीपेक्षा वेक्सलर या माणसावर होता. म्हणून अटलांटिक विकली गेली किंवा वेक्सलर गेला तर आपल्याला मोकळे होता यावे, एवढे कलम त्याला हवे होते. ते मिळाले. पण त्याच कागदात आणखी एक कलम होते: अटलांटिकने वितरित केलेल्या प्रत्येक मास्टरची, म्हणजे मूळ ध्वनिफितीची, संपूर्ण मालकी अटलांटिककडे. स्ट्यूअर्टने करार बारकाईने न वाचता सही केली. त्याच्या समजुतीने तो भाडेपट्टा होता. कागदावर ते खरेदीखत होते.

१९६७ मध्ये अटलांटिक वॉर्नर-सेव्हन आर्ट्सला विकली गेली. १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ मोनोना तलावात विमान कोसळून स्टॅक्सचा गायक ओटिस रेडिंग आणि बार-केज या वाद्यवृंदातली बहुतेक मुले गेली. नव्या मालकांशी बोलणी फिसकटली तेव्हा स्ट्यूअर्टने बाहेर पडायचे कलम वापरले, आणि तेव्हा दुसरे कलम वर आले. १९६० पासून मे १९६८ पर्यंत अटलांटिकमार्फत बाजारात आलेली एकूण एक तबकडी गेली. सॅम आणि डेव्ह ही गायकजोडी तर मुळात अटलांटिकचीच, स्टॅक्सला उसनी दिलेली. ती परत गेली. स्टॅक्सकडे काय उरले? प्रसिद्ध न झालेल्या फिती, थिएटर, वादक, आणि गाण्यांचे प्रकाशनहक्क असलेली ईस्ट मेम्फिस म्युझिक.

इतर लेबलांची माहिती असणाऱ्यांनी भर घालावी. फक्त 'कसला भारी आवाज' एवढेच प्रतिसाद नकोत, ही विनंती.

खर्ज

वाखुसा (वाचनखूण साठवली). आवाजाच्या बाजूने भर घालतो.

थिएटरची जमीन पडद्याकडे उतरती होती. ती सपाट करायला पैसे नव्हते, म्हणून उतार तसाच राहिला. छत आणि जमीन समांतर नसल्यामुळे आवाज दोघांच्या मध्ये टप्पे घेत बसत नाही, त्यामुळे एवढी मोठी खोली असूनही नाद घुमत नाही, पसरतो. सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवणार. एक ट्रॅक म्हणजे नंतर काही वरखाली करता येत नाही. ट्रंपेट चुकला तर गायकाने पुन्हा गायचे. पुढे दोन आणि मग चार ट्रॅक आले, तरी एकत्र वाजवायची सवय सुटली नाही. रेडिंगचा 'ओटिस ब्लू' हा अल्बम जुलै १९६५ मध्ये साधारण एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला, तोही मध्ये सुट्टी घेऊन, कारण वादकांना रात्री क्लबांत वाजवायला जायचे होते.

वाद्ये मोजकी. अल जॅक्सन ड्रम्स, डोनाल्ड 'डक' डन बेस गिटार (त्याच्या आधी लुई स्टाइनबर्ग), स्टीव्ह क्रॉपर टेलिकास्टर गिटार, बुकर टी. जोन्स ऑर्गन, आणि दोन-तीन फुंकवाद्ये. साथीला गाणाऱ्या बायका फारशा नाहीत, त्यांची जागा ट्रंपेट-सॅक्सोफोनने भरलेली. लिहिलेले नोटेशन नसे. रेडिंग तोंडाने फुंकवाद्यांचे तुकडे म्हणून दाखवायचा आणि वादक ते उचलायचे.

आता ज्यांना घरी तो ठोका करून बघायचा आहे त्यांच्यासाठी. मे १९६५ मध्ये गायक विल्सन पिकेटच्या 'इन द मिडनाइट अवर'च्या वेळी वेक्सलरने खोलीत येऊन 'जर्क' हा नवा नाच करून दाखवला. मुले दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर अंग कसे झटकतात ते. तिथून क्रॉपर आणि जॅक्सन यांनी दुसरी-चौथी मात्रा किंचित उशिरा द्यायला सुरुवात केली. किंचित म्हणजे किती? मिनिटाला ११० ठोके असतील तर एक ठोका सुमारे ५४५ मिलिसेकंदांचा. संगणकावर स्नेअर (ड्रम्समधला कडक वाजणारा छोटा ढोल) १० ते २५ मिलिसेकंद मागे सरकवून ऐका. ३०च्या पुढे गेलात की तो ढिला न वाटता चुकलेला वाटतो. नेहमी होणारी चूक म्हणजे नुसता स्नेअर सरकवणे. गिटारचा तुकडाही त्याच्याबरोबर तेवढाच सरकला पाहिजे, कारण कानाला जे ऐकू येते ते दोघांचे मिळून एकच टपली मारणे असते. बेस ड्रम आणि बेस मात्र जागेवर ठेवा. सगळेच मागे गेले तर लय फक्त मंदावते.

स्नेअर जरा खाली लावा आणि घुमणे मारा. जॅक्सन त्यावर चक्क आपले पाकीट ठेवायचा. पाकीट कडेला ठेवा, मधोमध ठेवलेत तर काठी त्यावरच पडेल आणि नुसता धप्प असा आवाज येईल.

दिडदा

मस्त माहिती. स्टॅक्सच्या 'ग्रीन अनियन्स'मध्ये जो हॅमंड बी-३ ऑर्गन आहे तो लेस्ली स्पीकरमधून आहे का?

खर्ज

@दिडदा, तो बी-३ नाही, एम-३ आहे. घरगुती वापराचे लहान मॉडेल, स्पीकर पेटीतच. त्यामुळे तो गरगरणारा लेस्लीचा आवाज त्यात नाही. बी-३ चे सॅम्पल लावून तो आवाज करायला गेलात तर जास्तच गुबगुबीत होतो.

बाय द वे, ते वाद्यगीत १९६२ मध्ये बी बाजूसाठी ठेवलेले होते. ए बाजूला दुसरेच होते, रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवली.

मुनीम

बी बाजूचा विषय निघालाच आहे तर हिशेब मांडतो. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, कोणा एका गायकाचे नाहीत. रचना मात्र त्या काळात सर्रास चालणारी.

समजा तबकडीची किंमत ७५ सेंट. गायकाला ३ टक्के, तेही विकलेल्या मालाच्या ९० टक्क्यांवर. उरलेले १० टक्के 'फूटतूट' म्हणून कापायचे, लाखेच्या तबकड्या वाटेत फुटत त्या काळातली ही पद्धत, विनाइल आल्यावरही चालू राहिली. म्हणजे एका प्रतीमागे ७५ × ०.९ × ०.०३ = सुमारे २ सेंट. तीन जणींचा गट असेल तर प्रत्येकीला पाऊण सेंटसुद्धा नाही. एक लाख प्रती खपल्या तर सगळ्यांचे मिळून २,०२५ डॉलर.

आता उचल. स्टुडिओ, वादकांची मजुरी, अरेंजर, हे सगळे गायकाच्या नावे टाकले जाते आणि त्याच्या रॉयल्टीतून वळते होते. समजा एका सत्राचे १,२०० डॉलर. उरले ८२५. पण याआधीच्या न चाललेल्या तबकडीचे १,२०० अजून नावे आहेत, आणि करारात दोन्ही खाती एकत्र. झाले उणे ३७५. लाखभर प्रती खपवूनही गायक कंपनीचा देणेकरी. ऊसतोडीच्या मुकादमाची वही पाहिली असेल तर यात नवे काही वाटणार नाही. उचल फिटत नाही आणि फिटेपर्यंत कोयता दुसऱ्याकडे नेता येत नाही.

त्याच तबकडीचे दुसरे खाते बघा. अमेरिकेत १९०९ च्या कायद्याने प्रत्येक गाण्याला प्रत्येक प्रतीमागे २ सेंट ठरवलेले, आणि हा दर १९७७ संपेपर्यंत हलला नाही. १९७८ पासून पावणेतीन सेंट झाला. दोन बाजू, दोन गाणी, एक लाख प्रती: ४,००० डॉलर. निम्मे प्रकाशकाला, निम्मे गीतकार-संगीतकाराला. यातून स्टुडिओचा खर्च कापत नाहीत. आणि बी बाजूला ए बाजूइतकेच मिळते, मग ती कोणी ऐको न ऐको. म्हणूनच बऱ्याच तबकड्यांच्या मागच्या बाजूला निर्मात्याच्या नावावरचे काहीतरी फुटकळ वाजवलेले असते.

यावरून कळेल की त्या काळी शहाणा माणूस आधी लेखक म्हणून नाव लावायला का धडपडत होता, आणि डिस्क जॉकीची किंवा मालकाची नावे 'लेखक' म्हणून कशी घुसत होती.

सांजवात

मग गायिकेने दुसऱ्याचे गाणे गाऊन ते अजरामर केले तर तिला काय?

मुनीम

@सांजवात, तबकडी आणि कार्यक्रम, एवढेच. नेहमी दिले जाणारे उदाहरण 'रिस्पेक्ट'. लिहिले आणि १९६५ मध्ये आधी गायले ओटिस रेडिंगने. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते उलटे करून बाईच्या तोंडी घातले, त्यात अक्षरे सुटी करून म्हणायचा भाग घातला, आणि लोक ते तिचेच म्हणून ओळखतात. पण अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणे वाजले की पैसे फक्त लेखक आणि प्रकाशकाला. ध्वनिमुद्रणाच्या मालकाला नाही, गाणाऱ्याला नाही, वाजवणाऱ्यालाही नाही. रेडिओमुळे तुमची जाहिरात होते, असे नभोवाणीवाल्यांचे म्हणणे, आणि ते संसदेत आजवर टिकले आहे.

उपग्रह आणि इंटरनेट रेडिओचे वेगळे. तिथे साउंडएक्स्चेंज ही संस्था वसुली करते आणि वाटणी ठरलेली: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला थेट, ५ टक्के साथीच्या वादक-गायकांच्या निधीत. 'थेट' हा शब्द महत्त्वाचा. ते ४५ टक्के कंपनीच्या वहीतून जात नाहीत, म्हणजे जुनी उचल त्यातून कापता येत नाही. हवे ते गाणे निवडून ऐकायच्या सेवा मात्र यात येत नाहीत, तिथे पैसे कंपनीकडून करारानुसार येतात.

कागदोपत्री

वरच्यात एक मोठी खाच राहिली. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कॉपीराइटच नव्हता, राज्याराज्यांचे कायदे होते. म्हणजे स्टॅक्सचा पहिला काळ, मोटाउन या दुसऱ्या मोठ्या सोल कंपनीचा डेट्रॉइट शहरातला बहुतेक सगळा काळ, सोलचे सोने जवळपास पूर्ण या रेषेच्या अलीकडे. डिजिटल रेडिओवाल्यांपैकी काहींनी याच कारणाने जुन्या गाण्यांचे पैसे देणे टाळले. ऑक्टोबर २०१८ च्या संगीत आधुनिकीकरण कायद्याने ही फट बुजवली. तोवर त्या पिढीतले कितीतरी जण गेलेले होते.

गाण्यांच्या (ध्वनिमुद्रणाच्या नव्हे) हक्काबाबत कुणाला जुने नाव शोधायचे असेल तर क्रम असा. १९६३ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा हक्क पहिल्यांदा २८ वर्षांचा. अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून नूतनीकरण केले नाही तर गाणे सार्वजनिक. १९६४ ते १९७७ मधल्या गाण्यांचे नूतनीकरण १९९२ च्या दुरुस्तीने आपोआप झाले. म्हणून १९६० च्या गाण्यासाठी दोन नोंदी बघायच्या: १९६० ची मूळ आणि १९८७-८८ च्या आसपासची नूतनीकरणाची. दोन्हींत लेखकांची नावे जुळतातच असे नाही.

याचे ढळढळीत उदाहरण मोटाउनचे पहिले मोठे यश, १९५९ चे 'मनी'. गायक बॅरेट स्ट्राँग. मूळ नोंदीत तो लेखकांपैकी एक होता. तीन वर्षांनी दुरुस्ती अर्ज करून त्याचे नाव काढले. १९८७ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते परत आले, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा खोडले गेले. हे त्याला कितीतरी वर्षांनी कळले. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याच्या बाजूचे म्हणणे असे की मूळ नोंदच कारकुनी चूक होती. कोण खरे हे बाजूला ठेवा. लक्षात घ्यायचे ते हे की नाव काढताना त्या माणसाला कळवायचे कुणावर बंधन नाही. नोंदी स्वतःच तपासाव्या लागतात.

१९७८ पूर्वी विकलेला गाण्याचा हक्क मूळ कॉपीराइट सुरू झाल्यापासून ५६ वर्षांनी परत मागता येतो, १९७८ नंतरचा विकल्यापासून ३५ वर्षांनी. नोटीस किमान दोन आणि जास्तीत जास्त दहा वर्षे आधी द्यायची. लोक हुकतात ते इथेच. मुदत उघडायच्या आदल्या वर्षी जागे झाले तर त्या तारखेसाठी नोटीस देता येत नाही, पुढची तारीख धरावी लागते आणि मधली वर्षे गेली ती गेलीच. शिवाय गाणे 'नोकरीत असताना केलेले काम' म्हणून लिहून घेतले असेल तर हा हक्कच नाही.

गुळाची ढेप

दंडवत. डोके गरगरले. मोटाउनच्या आवाजावर कोणी लिहील का?

चौथी तार

लिहितो. बेसपुरते बोललो तर चालेल ना.

डेट्रॉइटला वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचे २६४८ क्रमांकाचे घर. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांच्या सामाईक निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन सुरू केलेली कंपनी. स्टॅक्सचे प्रचंड थिएटर आणि हे बुटके तळघरवजा स्टुडिओ, नाव 'स्नेकपिट' म्हणजे सापांचा खड्डा, कारण छतावरून लोंबणाऱ्या वायरी. एवढ्याशा जागेत तीन-तीन गिटारांचे अँप्लिफायर लावले तर ड्रमच्या माइकमध्ये सगळा गोंगाट शिरणार. म्हणून गिटार आणि बेस थेट मिक्सरच्या पेटीत, आणि सगळ्यांना ऐकायला एकच सामाईक स्पीकर. बेस इतका स्वच्छ आणि पुढे ऐकू येतो तो यामुळे.

मोटाउनचा बेसवादक जेम्स जेमरसन याचे वाद्य १९६२ चे फेंडर प्रिसिजन. जाड, सपाट गुंडाळीच्या ला बेला तारा, ज्या तो तुटल्याशिवाय बदलत नसे. तारा पट्टीपासून उंच, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज. आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी.

घरी करताना काय बिघडते ते सांगतो:

बेसची वायर थेट 'लाइन इन'मध्ये खुपसली तर आवाज मेल्यासारखा येतो. साध्या पिकअपला साधारण १ मेगाओहमचे इनपुट लागते, लाइनचे असते १० किलोओहमच्या आसपास. वरचे स्वर तिथेच गळतात आणि लोक समजतात की हाच जुना आवाज. नाही. डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडायची डबी) घ्या किंवा 'इन्स्ट्रुमेंट' लिहिलेले बटण दाबा, मग वरचे स्वर तारांनी आणि स्पंजने कमी करा.

स्पंज जाड घेतला तर सूर कळेनासा होतो. आधी अर्धा सेंटिमीटर, तारेला जेमतेम टेकेल एवढा. ठोक्याची सुरुवात स्पष्ट आणि नंतरचा नाद अर्ध्या-पाऊण सेकंदात संपायला हवा.

नव्या सपाट तारासुद्धा खणखणतात. वाजवून वाजवूनच त्या बसतात, उकळून वगैरे काही होत नाही. पट्टी मात्र अधूनमधून तपासा. या तारांचा ताण जास्त, त्यामुळे मान पुढे वाकते आणि उंची वाढते. 'त्याचीही तारा उंच होती' म्हणून दुर्लक्ष करू नका, बाराव्या पट्टीच्या पुढे बेसूर व्हाल.

गायकाच्या आवाजाबद्दलही एक युक्ती. तिथले इंजिनिअर गायनाचा ट्रॅक दोन वाटांत फोडत. एक तसाच. दुसरा जबरदस्त कंप्रेस करून (म्हणजे लहानमोठा आवाज दाबून एका पातळीत आणून), वरच्या पट्ट्यांत, साधारण ५ किलोहर्ट्झच्या आसपास, उचलून, पहिल्याच्या मागे हळूच मिसळायचा. शब्द कळू लागले की थांबायचे. प्लगइनमध्ये करताना दोन वाटांत काही मिलिसेकंदांचा फरक पडला तर आवाज नाकात गेल्यासारखा पोकळ होतो, तेव्हा उशिराची भरपाई चालू आहे ना ते बघा.

मुनीम

@चौथी तार, सुरेख. पैशाच्या बाजूने मोटाउनचे एकच सांगतो. मास्टर कंपनीचे. गाण्यांचे प्रकाशन जोबेट कंपनीचे, म्हणजे गॉर्डीचेच (जॉय, बेरी, टेरी या मुलांच्या नावांवरून). कलाकारांचे व्यवस्थापन करणारी संस्थाही घरचीच. मग गायकाच्या वतीने कंपनीशी भांडायचे कोणी? १९९७ मध्ये ईएमआयने जोबेटचा निम्मा हिस्सा १३.२ कोटी डॉलरना घेतला, तर अख्खी मोटाउन रेकॉर्ड कंपनी १९८८ मध्ये ६.१ कोटींना गेली होती. खरा मळा कुठला होता ते यावरून बघा.

तबकडीवाला

आणि वादकांची नावे? फंक ब्रदर्सची, म्हणजे मोटाउनच्या घरच्या वादकांची, नावे तबकडीवर यायला १९७१ उजाडले, मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर.

स्टॅक्सने इथे थोडे बरे केले. अल बेल १९६५ मध्ये प्रसिद्धीचे काम बघायला आल्यावर निर्मितीची रॉयल्टी सहा जणांच्या सामाईक पेटीत टाकायची पद्धत सुरू झाली: क्रॉपर, जोन्स, जॅक्सन, डन, आणि गीतकार जोडी आयझॅक हेज व डेव्हिड पोर्टर. त्या दिवशी कोण वाजवत होते आणि कोण नव्हते याला अर्थ नाही, वाटा सारखा. पेटीबाहेर राहिलेल्या फुंकवाद्यवाल्यांना ते खटकले, आणि त्यांचे चूक होते असे मला वाटत नाही.

खडूस म्हातारा

सगळे ठीक, पण अटलांटिकला खलनायक करू नका. ज्या काळात दक्षिणेतल्या गावठी तबकडीला गाव ओलांडता येत नव्हते त्या काळात त्यांनी माल देशभर पोचवला. वेक्सलरने पुढे म्हटले की ते कलम वकिलांनी घातले, मला माहीत नव्हते.

कागदोपत्री

माहीत नव्हते हे मान्य केले तरी प्रश्न उरतो. १९६८ मध्ये कळल्यावर परत का दिले नाही? कायद्याने देणे लागत नव्हते, हे खरे.

अटलांटिकबद्दल दुसरी बाजूही नोंदवतो. पन्नाशीच्या दशकात ज्या रूथ ब्राउनच्या तबकड्यांवर कंपनी उभी राहिली तिला पुढे मोलकरणीची कामे करावी लागली. तिने वकिलामार्फत वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर १९८८ मध्ये अटलांटिकने तिच्यासह जुन्या कलाकारांच्या नावची न फिटलेली उचल माफ केली, मागची रॉयल्टी दिली, आणि रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे करायला पैसे दिले. उचल माफ करणे ही त्यातली खरी कळ. दर वाढवून काही होत नाही, कारण खाते उणे असेल तर वाढीव दरानेही शून्यच हातात येते.

खडूस म्हातारा

हे मान्य. पण मग स्टॅक्स दुसऱ्यांदा का बुडाली? तेव्हा तर मास्टर त्यांचेच होते.

तबकडीवाला

वितरण. तोच खड्डा, दुसऱ्या गावात.

१९६८ मध्ये कंपनी गल्फ अँड वेस्टर्नला विकली, आणि कपाट रिकामे म्हणून अल बेलने १९६९ मध्ये पंचवीसहून अधिक अल्बम एकदम बाजारात उतरवले. त्यातलाच आयझॅक हेजचा 'हॉट बटर्ड सोल'. त्यात चारच गाणी, एक १२ मिनिटांचे, एक १८ मिनिटांच्या वर. सोल म्हणजे तीन मिनिटांची तबकडी हा धंद्याचा नियमच त्याने मोडला, कारण या गर्दीत त्याच्या अल्बमकडे कोणी हिशेबनीस बघत नव्हता. १९७० मध्ये स्ट्यूअर्ट आणि बेल यांनी कंपनी परत विकत घेतली. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसला एक डॉलर तिकिटाचा वॉटस्टॅक्स हा स्टॅक्सचा संगीतमेळावा झाला, लाखभर माणूस आला. त्याच वर्षी सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी वितरणाचा करार. तो तिथला प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस या माणसाच्या शब्दावर, आणि १९७३ मध्ये डेव्हिसलाच नोकरीवरून काढले. (पुन्हा माणसावर भरवसा. या वेळी सुटकेचे कलमही नव्हते.) सीबीएसच्या मोठ्या दुकानांच्या साखळीत माल गेला, पण जिथे सोल खपायचे त्या काळ्या वस्त्यांतल्या लहान दुकानांपर्यंत पोचेना. माल गोदामात, पैसे अडकलेले, युनियन प्लँटर्स बँकेचे कर्ज डोक्यावर, डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळे. ईस्ट मेम्फिस म्युझिकचे हक्क तारण होते, तेही बँकेने नेले. थिएटर १९८९ मध्ये पाडले. २००३ मध्ये त्याच जागी तसेच थिएटर बांधून संग्रहालय केले आहे, स्टुडिओच्या उतारासकट.

सांजवात

अवांतर: फंक ब्रदर्सचे वाचताना हिंदी चित्रपटसंगीतातले गोव्याचे अरेंजर आठवले. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट. नोटेशन त्यांचे, पडद्यावर नाव क्वचित. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा पूर्णपणे विकून टाकता येत नाही असे केले, पण अरेंजर त्यात कुठे बसतो?

कागदोपत्री

बसत नाही. सत्राची मजुरी मिळाली, विषय संपला. अमेरिकेतही तेच. क्लाइड स्टबलफील्डने १९६९ मध्ये जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये वाजवलेला तुकडा नंतर हिपहॉपमध्ये असंख्य वेळा कापून वापरला गेला. तो लेखक नव्हता आणि मास्टरचा मालकही नव्हता, म्हणून परवानगी घेऊन वापरला तरी पैसे तिसऱ्याकडे.

दिडदा

शेवटचा प्रश्न. स्टॅक्सच्या जुन्या तबकड्या घेताना अटलांटिकच्या काळातली कोणती ते कसे ओळखायचे? आणि मोनो घ्यावी की स्टिरिओ?

तबकडीवाला

फिकट निळे लेबल आणि त्यावर कोसळत असलेली तबकड्यांची चळत असेल तर मे १९६८ पूर्वीची. पिवळे लेबल आणि चुटकी वाजवणारा हात असेल तर नंतरची. नव्याने छापलेल्या प्रतींवर मात्र चित्रावर जाऊ नका, दोन्ही चित्रे दोन्हीकडे फिरतात. मागची बारीक अक्षरे वाचा. अटलांटिक किंवा ऱ्हायनो म्हणजे पहिला काळ, फँटसी, कॉन्कॉर्ड किंवा क्राफ्ट म्हणजे दुसरा. पेटीसंच घ्यायचा तर १९५९ ते १९६८ च्या सर्व सिंगल्सचा नऊ सीडींचा संच १९९१ मध्ये अटलांटिकने काढला, आणि पुढचे दोन खंड फँटसीने काढले. एकाच कंपनीची गाणी दोन दुकानांतून घ्यावी लागतात.

मोनो-स्टिरिओचे खर्ज सांगतील.

खर्ज

१९६७-६८ पर्यंतचे सिंगल असेल तर मोनो. सगळी मेहनत त्याच मिश्रणावर झालेली असे, मोटाउनला तर ते मोटारीतल्या रेडिओएवढ्या स्पीकरवर वाजवून पास करत. स्टिरिओ बऱ्याचदा नंतर उरकलेले, गायक एका कानात आणि ड्रम्स दुसऱ्या. स्टिरिओच मिळाले आणि अँप्लिफायरचे मोनो बटण दाबले तर ते मूळ मोनो होत नाही. मध्यभागी ठेवलेले जे असेल ते कडेच्या वाद्यांच्या तुलनेत ३ डेसिबलपर्यंत वर येते. बहुतेकदा तो गायक असतो, म्हणून बँड मागे गेल्यासारखा वाटतो. अशा वेळी बटण सोडून द्या आणि दोन्ही स्पीकर जरा जवळ आणा.